हंपीच्या दगडांवर दोघांचा एक दिवस: पॅड कुठं, पाय कुठं, जोडीदार कुठं

हंपीजवळ सणापूरच्या बाजूला मी एकदा जेमतेम दीड मीटरवरून पडलो आणि पुढं तीन आठवडे लंगडत होतो. त्याच दिवशी सकाळी साडेतीन मीटरवरून पडलो होतो, तेव्हा कपडे झटकून उठलो होतो. सकाळी पॅड, म्हणजे पडणाऱ्याखाली टाकायची फोमची जाड गादी, जागेवर होतं. संध्याकाळी दोन पॅडांच्या मधल्या फटीत पाऊल गेलं. फट कुणी ठेवली? दोघांनी मिळून. मला चढायची घाई होती आणि मित्र फोटो काढत होता.

बोल्डरिंग म्हणजे बुटक्या धोंड्यांवरची चढाई. तिच्यात दोर नसतो, त्यामुळं प्रत्येक पडणं थेट जमिनीवर असतं. आठ-दहा जणांचा ग्रुप असला की पॅडांचा ढीग असतो, खाली हात वर करून उभी असलेली चार माणसं असतात, आणि चुका झाकल्या जातात. दोघंच गेलात की खाली उभा असलेला एकटा माणूस म्हणजे तुमची सगळी सुरक्षा. म्हणून हा लेख दोघांच्या हिशेबानं लिहिलाय: दोन माणसं, दोन पॅड, एक दिवस, आणि जागा हंपीत तुंगभद्रेचा उत्तर काठ. आपल्याकडच्या बऱ्याच पोरापोरींनी हल्ली जिमच्या भिंतीवर बोल्डरिंग शिकलेलं असतं. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषकाचे टप्पे झाले, त्यानंतर तर भिंतींची ओढ वाढलीच. पण जिममध्ये कुठंही पडा, खाली गादी असतेच. बाहेर गादी तुम्ही टाकाल तिथंच आणि तेवढीच.

हंपीच का, आणि कधी

सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थरांचा, भेगांचा, आणि हातात कधी निघून येईल सांगता येत नाही असा. आपल्याकडंही बोल्डरिंग होतं. मुंब्रा, बेलापूर या जागा मुंबईकर आरोहकांना पाठ आहेत. पण हंपीचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या भेगांत पाणी मुरत गेलं, कोपरे आधी कुजले, आतला टणक गाभा गोल होऊन उरला. म्हणून तिथं एकावर एक रचल्यासारखे गोल धोंडे दिसतात. हे भूगोलाच्या तासासाठी सांगत नाही. या गोलाईचे दोन परिणाम तुम्हाला दिवसभर भोगायचे असतात: धोंड्याच्या माथ्यावर धरायला काहीच नसतं, आणि उतरायची बाजू बहुतेक वेळा नुसता घसरडा उतार असतो. दोन्हींकडं पुढं येतो.

हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यातही दिवसाचे दोनच तुकडे कामाचे. जानेवारीत तिथं सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. उजाडल्यापासून साडेनवापर्यंत आणि चारनंतर अंधार पडेपर्यंत दगड थंड असतो, बोटं चिकटतात. मधल्या वेळात ग्रॅनाइट तवा होतो. बोटांना घाम सुटतो, हाताला लावलेल्या चॉकच्या पुडीचा चिखल होतो आणि सकाळी सहज जमलेली मूव्ह, म्हणजे एका पकडीवरून पुढच्या पकडीवर जायची हालचाल, दुपारी जमत नाही. दुपारी हट्ट करणारा माणूस संध्याकाळच्या सत्राची कातडी घालवून बसतो.

कोल्हापूर, मिरज, बेळगावच्या लोकांना हरिप्रिया एक्सप्रेस थेट होसपेटला रात्री सोडते. पुण्या-मुंबईहून हुबळीपर्यंत येऊन पुढं जाता येतं. उतरल्यावर लगेच चढायला पळू नका, रात्री झोपा. मुक्काम नदीच्या उत्तरेला, आनेगोंदी किंवा सणापूरच्या बाजूला ठेवला तर दगड चालत जाण्याच्या अंतरावर असतात. पूर्वी विरुपापूर गड्डे या बेटवजा भागात आरोहकांची वस्ती असायची. २०२० मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर तिथली बेकायदा ठरलेली बांधकामं पाडली गेली, त्यामुळं जुनी माहिती वाचून जाणार असाल तर तेवढं ध्यानात ठेवा. ऋष्यमूक पठार आणि गोअन कॉर्नरचा परिसर ही चढाईच्या जागांची नावं कुणालाही विचारली तरी वाट दाखवतात.

पाठीवर काय असावं

क्रॅश पॅड विकतच घ्यावं असं नाही. तिथं भाड्यानं मिळतात, शूजही मिळतात. पॅड घेताना घडी उघडून त्यावर गुडघे टेकून बसा. चांगल्या पॅडमध्ये वरचा थर कडक फोमचा असतो, तो पडण्याचा जोर पसरवतो. खालचा मऊ थर तो जोर पितो. गुडघा टेकवल्यावर खालची जमीन लागत असेल तर ते पॅड नको, दुसरं मागा. जाडी साधारण १० सेंटीमीटर, उघडल्यावर रुंदी मीटरभर आणि लांबी त्याहून थोडी जास्त. खांद्याचे पट्टे तपासा. पट्टा तुटका असेल तर केळीच्या बागेतल्या बांधावरून चालताना पॅड तुम्हाला पाटात पाडतं. मी पडलोय.

बाकी यादी लहान आहे. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. १९५० च्या दशकात जॉन गिल या अमेरिकन आरोहकानं ते जिम्नॅस्टिक्समधून दगडावर आणलं. नायलॉनचा किंवा जुना दात घासायचा ब्रश, तारेचा अजिबात नको. बोटांना गुंडाळायची कापडी टेप, नेलकटर, बारीक सँडपेपरचा तुकडा. जुनी योगा मॅट. तिचा उपयोग पुढं सांगतो. प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी. हेडटॉर्च, दिवसाच निघत असलात तरी. क्रेप बँडेज, दोन तिकोनी पट्ट्या, बँड-एड. खायला केळी, शेंगदाण्याचे लाडू आणि भडंग. भडंगाचं चढाईत काय काम असं विचारू नका, सांगली-कोल्हापूरच्या माणसाला ते विचारायचं नसतं.

दगड निवडताना चढायची बाजू शेवटी बघा

हा नियम मी एका ओशाळ्या तासाची किंमत मोजून शिकलो. एक देखणा, केशरी छटेचा धोंडा दिसला, समोरून चढलो, माथ्यावर उभा राहून हात वर केले. मग मागं वळून बघितलं तर चारही बाजूंनी गोल. जिथून आलो ती बाजू उतरायला अशक्य, मागची बाजू वरून दिसतच नव्हती. मित्र खालून म्हणाला, "ये की आता खाली." मी म्हटलं, "कुठनं?" तो दगडाला एक पूर्ण फेरी मारून आला आणि शांतपणे खाली बसून भडंग खायला लागला. शेवटी त्यानं दोन्ही पॅड मागच्या बाजूला नेली, मी पोटावर वळून घसरत घसरत उतरलो आणि कोपरं सोलून घेतली.

तेव्हापासून क्रम असा. आधी दगडाला पूर्ण फेरी. उतरायची वाट कुठं आहे, शेजारच्या दगडावर पाय टाकता येतो का, झाडाची फांदी मध्ये येते का. शक्य असेल तर उतरायच्या वाटेनंच आधी माथ्यावर जाऊन या. माथा झाडा, सैल खडे आणि वाळलेला पाला बाजूला करा, शेवटचा हात कुठं पडणार ते वरून बघून ठेवा. मग पडायची जागा बघा: सपाट आहे का, शेजारी सुळक्यासारखा दगड वर आलाय का, उतार कुठं जातो. या दोन्हींत नापास झालेला दगड कितीही सुंदर असला तरी दोन पॅडांवर तो तुमचा नाही. चार-पाच जण येतील तेव्हा त्याचा विचार.

तिसरी तपासणी नाकाडोळ्यांची. दगडाच्या पुढं झुकलेल्या भागाखाली, मोठ्या कपारीत आग्या मोहोळ आहे का? असेल तर त्या दगडावरच नव्हे, आसपासच्या दगडांवरही आवाज करू नका, तिथून निघा. माश्या उठल्याच तर झटापट न करता चेहरा झाकून लांब पळायचं. चिरेत बोटं घालण्याआधी आत बघा, विंचू तिथंच बसतो. जमिनीवरचे खडे हातानं न उलथता काठीनं सरकवा.

चौथी तपासणी सगळ्यांत साधी: हा दगड आपला आहे का? संरक्षित स्मारकांवर आणि त्यांच्या आवारातल्या दगडांवर चढायचं नाही. १९८६ पासून हंपीची स्मारकं जागतिक वारसा यादीत आहेत आणि तिथं कायदा लागू आहे. पण उत्तरेकडं, मोकळ्या माळावरही बघून घ्यावं लागतं. शेंदूर लावलेला दगड, कोरीव खुणा असलेला दगड, रंगवलेली चित्रं असलेली कपार हे सगळं सोडून द्यायचं. आनेगोंदीजवळ ओनके किंडीला प्रागैतिहासिक चित्रं आहेत, आणि चॉकचा हात लागलेलं चित्र परत मिळत नाही. शेतातून वाट असेल तर बांधावरून चाला. शेतकरी दिसला तर थांबून हात जोडा. कानडी येत नसलं तरी खुणेनं काम होतं.

ग्रेडबद्दल, म्हणजे चढाई किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्यांबद्दल, थोडंसंच. हंपीत बहुतेक फ्रेंच फाँतेनब्लो पद्धत वापरतात, जिममध्ये तुम्हाला व्ही स्केल माहीत असेल. व्ही० म्हणजे साधारण ४, व्ही३ म्हणजे ६ए, व्ही६ म्हणजे ७ए. जिममध्ये व्ही४ करणाऱ्यानं पहिल्या दिवशी ५ च्या आसपास सुरुवात करावी. अहंकार दुखावतो, पण ग्रॅनाइटवर पाय ठेवायला शिकण्यात एक सकाळ जातेच.

पॅड टाकणं

माणूस सरळ खाली पडत नाही. सरळ भिंतीवरून पडला तर पाऊलभर मागं येतो. ओव्हरहँगवरून, म्हणजे अंगावर झुकलेल्या दगडावरून, हात सुटले तर पाय आधी झुलतात आणि शरीर बरंच मागं, कधी पाठीवर फेकलं जातं. तिरक्या रेषेनं चढत असाल तर अर्थातच बाजूला. म्हणून जोडीदारानं दगडापासून चार पावलं लांब उभं राहून विचार करायचा: कोणती मूव्ह सुटण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, आणि ती सुटली तर ढुंगण कुठं येईल? हो, ढुंगण. पाय बघून पॅड टाकणारे चुकतात.

दोन पॅडांपैकी एक त्या मूव्हच्या खाली, दुसरं माथ्यावरच्या शेवटच्या हालचालीच्या खाली. सुरुवातीला जमिनीपासून हातभर वर असताना पॅड नसलं तरी चालतं, वर नसलं तर चालत नाही. नवखी माणसं नेमकं उलटं करतात, कारण सुरुवातीला बसायला पॅड मऊ लागतं.

दोन्ही पॅड शेजारी लावली की मधली फट हा खरा शत्रू. कडा एकमेकींना घट्ट दाबून लावा, एक पॅड दुसऱ्यावर अर्धवट चढवू नका. त्यानं पायरी होते आणि घोटा पायरीवरच मुरगळतो. जोडावर ती चार घड्या घातलेली योगा मॅट पसरा. पट्टे, बकल पॅडच्या खाली. पाण्याच्या बाटल्या, बॅगा, काढलेल्या चपला दहा फूट लांब. पॅडखाली खडे असतील तर आधी काठीनं काढा. मोठा दगड मात्र ओढून हलवू नका, त्याची जागा त्यालाच राहू दे.

मूव्ह चालू असताना पॅड सरकवायची वेळ आलीच तर चढणाऱ्यानं स्थिर झाल्यावर "पॅड!" म्हणायचं आणि जोडीदारानं सरकवून "झालं" म्हणायचं. "झालं" ऐकल्याशिवाय पुढचा हात उचलायचा नाही. हे दोन शब्द घरातून निघतानाच ठरवा. आमच्यात आधी "थांब" हा शब्द होता. त्याचा अर्थ मी "हलू नकोस" असा घ्यायचो आणि तो "मी अजून तयार नाही" असा. एकाच वेळी दोघंही थांबायचो.

खालच्या माणसाचं काम

स्पॉटिंग म्हणजे झेलणं नव्हे. सत्तर किलोचा माणूस तीन मीटरवरून येत असताना त्याला झेलायला गेलात तर दोघंही दवाखान्यात. काम एकच: त्याचं डोकं आणि पाठ पॅडच्या बाहेर जाऊ न देणं. एक पाय पुढं, एक मागं, गुडघे सैल, कोपरं वाकलेली, हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली आणि अंगठा आत. पसरलेली बोटं पडणाऱ्याच्या वजनाखाली मोडतात. नजर चढणाऱ्याच्या कमरेवर, हातांवर नाही. हात बघितले की तुम्ही त्याच्याबरोबर मनातल्या मनात चढायला लागता आणि तो पडल्याचं तुम्हाला उशिरा कळतं.

ओव्हरहँगवर हात त्याच्या खांद्यांच्या खाली, काखेच्या पातळीला ठेवा. तो पाठीवर आला तर वरचा भाग उचलला जाऊन पाय आधी टेकतात. सरळ भिंतीवर कमरेजवळ. स्लॅबवर, म्हणजे उतरत्या दगडावर, माणूस पडत नाही, घसरतो. तिथं फार जवळ उभं राहिलात तर त्याचे गुडघे तुमच्या तोंडावर येतात. एक पाऊल मागं थांबा, तो खाली पोचताना मागं कलंडणार नाही एवढंच बघा.

आणि चढणारा माथ्यावर उभा राहून बोलेपर्यंत हात खाली करायचे नाहीत. शेवटच्या मूव्हला माणूस सगळ्यांत उंच असतो आणि खालच्याला वाटतं, झालं आता.

पडणाऱ्याचंही काम असतं. दोन्ही पाय एकाच वेळी, गुडघे किंचित वाकवून, आणि टेकल्याबरोबर मागं गोल होत पाठीवर जायचं. हात छातीशी. मागं हात टेकवून स्वतःला वाचवायची सवय आपल्या सगळ्यांना असते, मनगटं तिथंच मोडतात. सकाळी पहिल्या दगडावर मुद्दाम कमरेएवढ्या उंचीवरून दोघांनी पाच-पाच वेळा पडून बघा. वेडेपणा वाटतो, आजूबाजूला शेळ्या राखणारी पोरं हसतात. पण त्यानंतर सोडून देताना शरीर ताठ होत नाही.

एक दगड, सुरुवातीपासून माथ्यापर्यंत

वॉर्मअपला पंधरा-वीस मिनिटं. दगडापर्यंतचं चालणं त्यातच धरा. खांदे, मनगटं, बोटांची उघडझाप, मग तीन-चार सोपे दगड चढणं आणि त्याच वाटेनं उतरणं. उतरल्यानं पायांवर विश्वास बसतो.

आता आमचा नेहमीचा एक दगड सांगतो. केळीच्या बागेच्या कडेला, साडेतीन मीटर उंच, किंचित चढणाऱ्याच्या अंगावर झुकलेला. छातीच्या उंचीवर दोन्ही हातांना पुरेल अशी कड. तिच्या वर हातभर अंतरावर उजव्या हाताला एक क्रिंप, म्हणजे अर्धं पेर मावेल एवढी धार. मग डावीकडं पोटासारखा फुगवटा आणि वर गुळगुळीत माथा. पायाला? पहिल्यांदा बघितलं तर काहीच नाही.

दगड कसा चढायचा ते मनात वाचायला वरून खाली सुरुवात करा. माथ्यावर डावा हात जायला हवा, तर उजवा क्रिंपवर असला पाहिजे. उजव्यानं क्रिंप ओढायचा, तर वजन डाव्या पायावर पाहिजे. म्हणून डावा पाय कुठं, हा या दगडाचा प्रश्न. हातांचा प्रश्नच नाही. बहुतेक दगडांचं असंच असतं, पण आपण सगळे हात शोधत बसतो.

पहिल्या दोन प्रयत्नांत मी नुसता हातांवर लटकलो आणि पडलो. तिसऱ्याला मित्र खालून:

"डावा पाय वर घे की!"

"कुठं? काय नाही इथं."

"हाय. गुडघ्याच्या वर, डाळीएवढा खडा हाय. बघू नको, ठेव."

होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा स्फटिक, बाकी दगडापेक्षा जरा पांढरट. ग्रॅनाइटमध्ये असे स्फटिक वर उरतात, कारण आजूबाजूचं आधी झिजतं. शूजचं टोक त्यावर ठेवलं, टाच खाली दाबली, डावं कुल्लं भिंतीला चिकटवलं आणि उजव्या हाताचं वजन एकदम निम्मं झालं. वरून मला तो खडा दिसत नव्हता, खालून त्याला दिसत होता. दोघांनी जाण्याचा फायदा शब्दांत सांगायचा तर एवढा.

पुढं माथा. इथं ती गोलाई आडवी येते. धरायला काही नाही, म्हणून मँटल: तळहात माथ्यावर सपाट दाबायचा, बोटं आतल्या बाजूला वळलेली, आणि स्विमिंग टँकच्या कडेवरून बाहेर येतो तसं शरीर ढकलायचं. एक पाय हाताशेजारी वर आला की नाक दगडाजवळ ठेवून सावकाश उठायचं. घाईत मागं कलंडलात तर ते सगळ्यांत उंचावरचं पडणं. तळहाताखालची जागा आधी ब्रशनं झाडलेली असली पाहिजे. एवढ्यासाठीच आधी माथ्यावर जाऊन यायचं.

ज्या प्रयत्नात खरा जोर लागतो, तशा दोन प्रयत्नांच्या मध्ये किमान चार-पाच मिनिटं जाऊ द्या. दोघंच असलात की एक पडला की दुसरा लगेच उठतो, आणि अर्ध्या तासात दोघंही संपतात. आम्ही मोबाइलचा टायमर लावतो. त्या वेळात बोटं पुसा, धार ब्रश करा, शूजचे तळ कापडावर घासा. पॅडवर मातीच्या चपला घेऊन कुणी गेलं तर त्याला चहा पाजायची शिक्षा.

पापुद्र्यासारखी उठलेली कड दिसली तर धरण्याआधी मुठीनं ठोका. टणक आवाज आला तर ठीक. पोकळ, डब्यासारखा वाजला तर तिच्यावर वजन टाकू नका. तुटेल, आणि तुमच्याबरोबर खालच्याच्या अंगावर जाईल. धार टोकदार लागते म्हणून घासून गोल करणं, हातोडीनं खाच पाडणं हा गुन्हाच समजा.

कातडीचा हिशेब

हंपीत दम संपण्याआधी बोटांची कातडी संपते. स्फटिक सुईसारखे असतात. नखं आदल्या रात्री कापा. चढताना दर अर्ध्या तासानं बोटांची टोकं उजेडात धरून बघा. कुठं कातडी उचलली असेल तर सँडपेपरनं सपाट करा, नाहीतर पुढच्या मूव्हला तिथूनच फाटते. टोकं गुलाबी, चकाकती दिसायला लागली की त्या सत्रापुरतं थांबा. रक्त दिसल्यावर थांबणं म्हणजे पुढचे दोन दिवसही गेले. टेपनं काम भागतं, पण टेप लावलेलं बोट दगडावर आंधळं होतं. धार कळत नाही. चॉक कमी लावा. थर देऊन पकड वाढत नाही, कमी होते.

दुपारी दगड सोडा. सावलीत भात, मिरची भजी, झोप. नदीत उतरायचा मोह होईल. तुंगभद्रेत मगरी आहेत आणि खडकांमधला प्रवाह फसवा असतो, काठावर पाय धुवा आणि या.

काही झालंच तर

बहुतेक वेळा घोटा. शूज लगेच काढा, नंतर निघत नाही. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मागच्या कडेनं दाबून बघा. हाडावरच दुखत असेल, किंवा चार पावलं टाकता येत नसतील, तर मुरगळलंय असं गृहीत धरू नका, एक्स-रे काढेपर्यंत मोडलंय असंच धरा. क्रेप बँडेज, पाय उंच, गार पाणी. आधाराला योगा मॅट गुंडाळून वर तिकोनी पट्टी बांधता येते. मान किंवा पाठ दुखत असेल, पायाला मुंग्या येत असतील तर त्याला अजिबात हलवू नका. ऊन असेल तर पॅड उभं करून सावली करा आणि १०८ ला फोन लावा. म्हणूनच सकाळी निघताना मुक्कामाच्या ठिकाणी कोणत्या बाजूला जातोय ते सांगून निघायचं, आणि माळावर नेटवर्क कुठं येतं ते पोचल्या पोचल्या बघून ठेवायचं. दोघांतला एक पडला की धावपळ करायला एकच उरतो, आणि त्याला त्या क्षणी काही सुचत नाही.

संध्याकाळ

चार वाजता परत. हे सत्र सकाळच्या राहिलेल्या दगडासाठी. नवा, उंच, अनोळखी दगड संध्याकाळी सुरू करायचा नाही. माझा घोटा संध्याकाळीच गेला. थकलेल्या बोटांपेक्षा थकलेलं लक्ष महाग पडतं, आणि ते आपलं आपल्याला कळत नाही. म्हणून आमच्यात असं ठरलंय की दोघांपैकी कुणीही "बास" म्हटलं की कारण विचारायचं नाही.

सूर्य टेकायच्या आधी अर्धा तास आवरायला घ्या. चॉकच्या खुणा ब्रशनं पुसा, टेपचे तुकडे वेचा, दुसऱ्या कुणाचे पडलेले दिसले तर तेही. या भागात बिबट्या आणि अस्वलं आहेत. पलीकडं दरोजीला अस्वलांचं अभयारण्यच आहे. अंधारात कपारींमधून रेंगाळू नका, वाटेनं बोलत चाला. बांधावरून जाताना पुढच्यानं टॉर्च मागच्याच्या पायावर मारायची, कारण मागच्याला पाठीवरच्या पॅडमुळं मान फिरवता येत नाही.

रात्री बोटं धुऊन खोबरेल तेल किंवा साधं क्रीम लावा. दुसऱ्या दिवशी चढायचं की नाही हे सकाळच्या चहावर ठरतं: गरम ग्लास बोटांच्या टोकांनी धरून बघा. नेहमीपेक्षा जास्त चटका बसला तर कातडी पातळ झालीय, पॅड खोलीतच ठेवा आणि नदी ओलांडून विठ्ठल मंदिरात जा. एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरहून विठ्ठलमूर्ती पंढरपूरला परत आणली, असं परंपरा सांगते. तिथल्या दगडी रथाला मात्र हात लावू नका, बोटांवर कालचा चॉक असतो.